केस

साखरपुड्यात मावसनणंदेनं विचारलं,
वहिनी, फॅक्टरीत काय करता?
म्हटलं, केस कापते.
तिला वाटलं पार्लर.
मीही खुलासा केला नाही, पंगत बसत होती.

खडकीला आमच्या खात्यात केस पितळेची.
ओढून येते तेव्हा तोंड वेडंवाकडं,
शाळेसाठी उठवलेल्या पोराचं असतं तसं.
कटर टेकतो. कुरळा कीस उडतो.
मग ट्रेमध्ये सगळ्या एका उंचीच्या,
हूं नाही की चूं नाही.

वेलू मुदलियारनी शिकवलं.
बत्तीस वर्षं तिथं, मराठी आमच्याहून ठसक्याची.
गेजला दोन खाचा, पोरी:
एकीत गेलीच पाहिजे,
दुसरीत जाता कामा नये.
त्यापुढचा विचार साहेबाचा.

परवा रेंजवरून पोतंभर परत आल्या,
झाडून झालेल्या, गळ्याशी काळ्या.
हाताला सवय, एक मोजून बघितली.
लांब झालेली.
दुसरी, तिसरी. सगळ्याच, थोड्याथोड्या.
माप तर मीच दिलं होतं.
चलनावर लिहिलेलं: सराव. निशाण कागदी.
बरं.

रात्री कणीक मळताना परातीत काहीतरी चमकलं.
कीस. कानामागे अडकून
गेटवरच्या झडतीतून सुटून आलेला.
तो काढला.
मग ट्यूबलाइटखाली परात सरकवून
पुन्हा पहिल्यापासून मळत बसले,
बोटांनी चाचपत,
आणखी एखादा आहे का.