अख्खा भोपळा

मंडईत भोपळेवाला म्हणाला, "अख्खा?
एवढे घारगे खाणार कोण, ताई?"
मी म्हटलं, डोळे कोरायचेत त्याला.
सुरी हातात धरून तो जरा थांबला,
मग म्हणाला, "कोरा. पण गर टाकू नका."

टाकला नाहीये. डब्यात आहे.

आँजेला असताना अशीच बसले होते
एकतीस ऑक्टोबरला, दाराशी,
वाडगाभर चॉकलेटं घेऊन.
सिनेमात पाहिलं होतं, परदेशात मुलं येतात भुतं होऊन.
मला कुठे ठाऊक, परदेशातही परदेश असतात.
जिन्यातला दिवा लागायचा, आपला आपण विझायचा.
साडेनऊला मीच एक उघडलं,
मग दुसरं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी. फुलवाल्याच्या दुकानाबाहेर
शेवंतीच्या कुंड्याच कुंड्या, पिवळ्या, जांभळट.
दसऱ्याचं तोरण आठवून गळा दाटला.
दोन घेतल्या. एक माझ्या खिडकीत,
एक समोरच्या मादाम गोद्रोंना, रिबीन बांधून.
त्यांनी कुंडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"मी अजून जिवंत आहे," म्हणाल्या,
आणि इतक्या हसल्या की भिंत धरावी लागली.
तिथे ती फुलं थडग्यांची.
कोट चढवून मलाही घेऊन गेल्या
नवऱ्यापाशी. कुंडी तिथे टेकवली.
"आंद्रे, ही पुण्याची," एवढंच बोलल्या.
फुलांबद्दल की माझ्याबद्दल, विचारायचं राहिलं.

आज बावधनला, तिसऱ्या मजल्यावर,
बेल सहाव्यांदा वाजते.
एक भूत, उशीच्या अभ्र्यातलं, एका डोळ्याचं भोक चुकलेलं.
एक वटवाघूळ; त्याला परी म्हटलं म्हणून चिडलेलं.
आणि सबनीसांचा अद्वय, गॅदरिंगच्या पोशाखात मावळा.
"मेलेला मावळा," तो खुलासा करतो.
चॉकलेटं संपली. दिवाळीच्या चकल्या काढते,
मऊ पडल्यात.
भुतं तक्रार करत नाहीत,
फक्त तिखट आहेत का विचारतात.
दाराशी भोपळा दात विचकतोय,
पोटात उरलेली पणती.

मादाम गेल्याचं पत्र मार्चमध्ये आलं,
त्यांच्या भाचीच्या अक्षरात.
उद्या सकाळी पुन्हा मंडई.
इथे शेवंती वजनावर मिळते, पावशेर घेईन.
ठेवायची कुठे, ते कळत नाही.
देवापाशी ठेवली तर त्यांना पुन्हा भिंत धरावी लागेल.

तूर्त गूळ किसायला घेते.
गर उद्यापर्यंत थांबायचा नाही.