पहारेकऱ्याची खोली

मुरोरानला नोव्हेंबरात चार वाजताच दिवे लागतात.
इसोगाईंच्या दुकानात मी जुने गेम तपासते:
तबकडीवर चरे किती, सुरू होतो का, मध्येच अडतो का,
आणि मग पोस्टकार्डाएवढ्या पिवळ्या कागदावर
हातानं लिहायचं, घ्यावा का, कोणी, किती भ्यावं.
चार ओळी.
इसोगाई म्हणतात, पाचवी ओळ गिऱ्हाईक वाचत नाही.

हा आला बिस्किटाच्या डब्यातून,
सोबत एक मेमरी कार्ड, कडा चावलेली.

डोंगरातली बंद रेशीम गिरणी.
नायिका बहिणीला शोधत येते
(अशा गेममध्ये कोणीतरी कायम बहिणीलाच शोधत असतं).
काडेपेटीत सात काड्या.
पाऊस वाजतो म्हणून खिडकीशी जावं
तर आभाळ कोरडं:
माळ्यावर किडे तुतीची पानं खाताहेत.
इथे मी आवाज कमी केला
आणि कागदावर लिहिलं, आवाज : नऊ.

कामगारणी येतात.
चेहऱ्याच्या जागी गुंडाळलेलं रेशीम,
आणि त्या बोटांनी चाचपतात,
उकळत्या पाण्यातल्या कोशाचं टोक शोधावं तसं,
तुमच्या गालावर.
जीव मुठीत धरणं म्हणतात ते हेच,
फक्त ही मूठ थरथरते तारेवर,
आणि तार भिंतीत जाते.

बाई वळते मात्र कोळशाच्या जहाजासारखी.
आधी थांबायचं, मग फिरायचं, मग कुठे निघायचं,
तोवर मागून येणारं येऊन पोचलेलं असतं.
हाताळणी : चार.

एकच जागा अशी की तिथे त्या येत नाहीत.
पहारेकऱ्याची खोली. शेगडी, किटली,
भिंतीवर घड्याळ, आणि हजेरीपुस्तक.
त्यात नाव लिहिलं की खेळ जतन होतो.
मी लिहायला गेले, तर पान भरलेलं.

चिझुरु. सकाळी आठ चाळीस.
चिझुरु. सकाळी आठ चाळीस.
चिझुरु. आठ एक्केचाळीस.
शनिवार नाही, रविवार नाही.
तीनशे बारा सह्या, एकेचाळीस तास सात मिनिटं,
काडी उरलेली एक.
गेम नऊ तासांत संपतो. मला नऊ लागले,
आणि मी काही मोठी खेळाडू नव्हे.

आठ चाळीसला इथल्या शाळांची दुसरी घंटा होते.
आमच्या वेळीही तेव्हाच व्हायची.

दुकानाचा नियम : कार्ड कोरं करून विकायचं.
यंत्र विचारतं, पुसू का?
बाण आधीपासून ‘नाही’वर असतो,
तो आपण हलवायचा.

मी तिचाच खेळ उघडला.
बाई शेगडीपाशी उभी, एका पायानं लंगडी,
दाराकडे पाठ.
किटलीची वाफ वर जाते, तुटते, पुन्हा वर जाते.
दाराच्या पलीकडे कोणीतरी गाल शोधतंय,
ऐकू येतं, पण लांबून,
शेजारच्या घरात दुसऱ्याला रागावावं तितकं लांबून.
दार उघडावं असं एकदा वाटलं.
एका काडीत जिन्यापर्यंत जाता येतं, मला वाट माहीत होती.
पण ही काही माझी काडी नव्हती.
बसून राहिले. आठ मिनिटं झाली असतील.
सही केली नाही.

नोंदवहीत लिहिलं :
मेमरी कार्ड, नादुरुस्त, विक्रीस नाही.
आणि ते एप्रनच्या खिशात टाकलं.

पिवळा कागद :
भीती : सात. शेवटी बहीण सापडते, न सापडती तर बरं होतं.
आवाज : नऊ. हेडफोन लावू नये.
हाताळणी : चार. धीर असेल त्यांनीच.
कथा : पाच.
पहारेकऱ्याची खोली ऊबदार आहे. घाई नसेल त्यांनी घ्यावा.

इसोगाईंनी चष्मा कपाळावर चढवून वाचलं,
ओळी बोटानं मोजल्या,
माझ्याकडे बघितलं, शटरकडे बघितलं,
आणि काही न बोलता
किंमत वीस येननं वाढवली.