सत्तेचाळीस तास वीस मिनिटं

सांबऱ्याच्या वजनकाट्यावर रात्रपाळीला असतो मी.
समोर बागलकोट रोड, मागे विमानतळाची तार,
तारेपलीकडे एकेकाळचं आमचं बटाट्याचं शिवार.
ते धावपट्टीत गेलं,
आणि त्याच पैशांत मी उडायला शिकलो.

उसाचा ट्रक फळीवर चढतो. आकडे थरथरतात.
ते थांबेपर्यंत मी पेन उचलत नाही.
मुडलगीचा ड्रायव्हर खिडकीतून वाकून म्हणतो,
"बरी एरड क्विंटल जास्ती, सर. यारिगे गोत्तागतद?"
कुणाला कळणार आहे.
हा प्रश्न मला मराठीतही येतो.

बावीसचा होतो. लायसन्सला तास कमी पडत होते.
क्लबातला बसाप्पा म्हणाला, लिही की, सगळेच लिहितात.
लिहिले. निळ्या शाईनं, सत्तेचाळीस तास वीस मिनिटं.
वीस मिनिटं मुद्दाम.
नुसत्या तासांवर कुणाचा विश्वास बसत नाही,
मिनिटं जोडली की तास खरे होतात.
हवामानही भरलं: वारा पश्चिमेचा, दृश्यता चांगली.
एका ओळीत तर पाऊस घातला,
आणि सावधपणे परत फिरलो.

त्यापुढची नऊ वर्षं खरी.
चार हजार सहाशे तास खरे.
त्यातली एक संध्याकाळ इथलीच:
आडवा वारा, पट्टी बाजूला सरकल्यासारखी,
नाक वाऱ्याकडे धरलेलं, अगदी शेवटी उजवा पाय—
चाकं टेकली ती इतकी अलगद
की मागं कुणी डोळेही उघडले नाहीत.
बाबा तारेपाशी सायकल धरून उभे होते.

मग एका तपासणीत कुणीतरी
दोन वह्या शेजारी शेजारी ठेवल्या.
एक माझी, एक मेकॅनिकची.
मेकॅनिकच्या वहीत, त्या अकरा दिवसांत,
ते विमान हँगरात होतं.
इंजिन उतरवून लाकडी घोडीवर ठेवलेलं.
म्हणजे मी इंजिनाशिवाय उडत होतो,
इंजिनाशिवाय पावसातून परत येत होतो.
खोलीत कुणी हसलं नाही.
हसले असते तर बरं झालं असतं.

लायसन्स गेलं. पाच वर्षांनी मिळालंही परत.
चौकोन मात्र गेला नाही:
"यापूर्वी कारवाई झाली आहे का?"
दोहा, नैरोबी, हैदराबाद,
शेवटी हुबळीची ड्रोन शिकवणारी संस्था.
प्रत्येक अर्जात तोच, करंगळीच्या नखाएवढा.
"हो" लिहिलं की उत्तर येत नाही.
"नाही" कडे हात जातो.
जातो, खोटं कशाला सांगू.

बेळगावचं बेळगावी झालं तेव्हा
बसच्या पाट्या बदलल्या, शिक्के बदलले,
पण कपाटातली जुनी पत्रं काही खोटी पडली नाहीत.
माझे सत्तेचाळीस तास मागून उठले
आणि पुढचे चार हजार सहाशे खाऊन गेले.

परवा वीजबिलाच्या रांगेत आई हळूच म्हणाली,
"त्या सांजेला ते इमान तूच उतरवलंतास नव्हं?"
मी म्हटलं, होय.
कन्नडमधल्या बिलावरचा आकडा मान्य करावा
तशी तिनं मान हलवली,
आणि पुढं सरकली.

सत्तावीस टन एकशे ऐंशी. लिहितो.
ड्रायव्हर पावती घेतो, दोन भाषांत शिव्या देतो,
गिअर टाकतो.
पहाटेचं विमान डोक्यावरून उतरतं
तेव्हा रिकाम्या फळीवरही आकडा हलतो:
शून्य, वीस, शून्य.
तो मी लिहीत नाही.