मागचं पान

फरझाना, हे घे.
माझ्या डायरीच्या मागच्या पानाची झेरॉक्स.
तेलाचा डागही छापून आलाय;
त्याखाली दातांच्या डॉक्टरचा नंबर आहे,
शेवटचे दोन आकडे मी पेनाने गिरवलेत.
वसंत विहारच्या त्या बाई. यंत्र सुरू करण्याआधी
ते मुलाच्या हातात देतात,
वीस मोजतात, मग तोंड उघडायला सांगतात.
वीस म्हणजे वीस. एकोणीसला कधी घाई केली नाही.
राबोडीहून लांब पडेल तुला, तरी जा.

तुझी इक्रा बाकाखाली शिरून
फरशीला गाल टेकून पडलीय
आणि तू येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सॉरी म्हणतेयस.
मीही म्हणायचे. सात वर्षं.
मी मोजलं नाही, निषादने मोजलं असेल.
फरशी थंड आहे, तिला बरं वाटतंय,
एवढंच आहे ते. पडू दे.

आत गेलीस की टक्के देतील.
आमचे मिळाले त्याच जूनमध्ये
शेजारच्या कर्णिकांच्या मुलीला दहावीला एक्क्याण्णव.
पेढे आले. वाटी रिकामी कशी परत करायची
म्हणून साखर घातली, आणि देताना बोलून गेले,
आम्हालाही मिळाले की, सत्तर.
त्या हसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं.
मग कितीतरी दिवस लिफ्टमध्ये
त्या फक्त मजल्यांचे आकडे बघायच्या,
निषादसारख्याच.
कार्ड मात्र काढ. बसला लागतं,
पुढे परीक्षेत लेखनिकासाठी लागतं,
आणि रांगेत कुणी अंगावर आलं
तर ओढणीसारखं पुढे धरता येतं.

खोडलेल्या आहेत त्या शाळा.
एकीवर दोनदा काट आहे, तिथे कागदच फाटला होता.
"आमच्याकडे सगळ्यांना प्रवेश आहे," मॅडम म्हणाल्या,
"फक्त बाकीच्या पालकांचं बघावं लागतं."
खोडलेलंही वाच. तेवढे तुझे रिक्षाचे पैसे वाचतील.

'मंगळवार दुपार' म्हणजे उथळसरचा सुदाम,
पिठाच्या गिरणीला लागून त्याचं सलून.
पहिल्या खेपेला निषाद दारातच उभा राहिला.
दुसऱ्या खेपेला पाण्याचा फवारा मागून घेतला,
आरशावर, खुर्चीवर, सुदामच्या चष्म्यावर मारत बसला.
पाचव्या खेपेला एक बाजू कापून झाली.
आठ दिवस तसाच हिंडला, अर्धा.
मी पुन्हा पुन्हा माफी मागत होते तर सुदाम म्हणाला,
ताई, घाई कुणाला आहे?
मी मासुंद्याच्या कठड्यापर्यंत कशी आले ठाऊक नाही,
तिथे बसून रडले, भरदुपारी,
आणि निषाद माझ्या गालावरचं पाणी
बोटाने दोन्हीकडे सारखं करत राहिला.
सहा खेपांचे पैसे सुदामने एकदाच घेतले.

दिवाळीसमोर 'येऊर' लिहिलंय.
येऊरलाही हल्ली फुटतात. खरं सांगते,
त्या ओळीला माझ्याकडे उत्तर नाही.
आणि तळाशी 'नंतर' लिहून जी टिंबं दिलीत,
ती आज विचारू नकोस.
तुझी आत्ता कुठे चार वर्षांची आहे.

एक जागा मात्र कागदावर नाही.
हायवेवरचा पादचारी पूल, नाक्याच्या अलीकडचा.
निषाद तिथे जाळीला नाक लावून पाट्या वाचतो,
एमएच झिरो फोर, झिरो फोर, झिरो फोर.
मध्येच एखादी त्रेचाळीस आली की खदखदतो,
वाशीहून मावशी आल्यासारखा.
रविवारी सहाला आम्ही असतो.
तिला घेऊन ये. मुलांनी एकमेकांशी
बोललंच पाहिजे असं काही नाही.
जाळी लांब आहे.