सीरम

शहापूरच्या बोळात साडेसहाला लॅब उघडते.
पहिला नंबर मोनाप्पा सांबरेकरांचा,
दर तीन महिन्यांनी, उपाशीपोटी,
बाहीला कालच्या खव्याचा करपट वास.

गेल्या वर्षी त्यांची नळी फिरवून काढली
तेव्हा लाल थरावर उभं होतं
चक्क आटवलेलं दूध.
मी दचकले. ते हसले:
"चाळीस वर्षं कुंदा ढवळतोय बाई,
आत उतरणारच की."

मग पुतण्यानं फोनवर कुणाचातरी व्हिडिओ दाखवला.
भात बंद. जोंधळ्याची भाकरी बंद.
सकाळी सहा अंडी, दुपारी मटण, रात्री पनीर,
वरून तूप, पळीपळीनं.
पहिले आठ दिवस डोकं ठणकलं,
रात्री पोटऱ्यांत गोळे,
तोंडाला नासक्या सफरचंदाचा वास,
आणि परसाकडचं तर विचारूच नका म्हणाले.
मी विचारलं नव्हतं.

अकरा किलो उतरले.
तळपायांची आग थांबली.
डॉक्टरांनी साखरेची गोळी अर्धी केली,
ते सगळ्या बोळाला सांगून झालं.

"मग कुंद्याची चव कोण बघतंय?"
"वासावर चाललंय. आवाजावर.
दूध तांबूस झालं की उलथनं जड बोलतंय."
पण परवा टिळकवाडीहून एक बाई डबा परत घेऊन आली:
साखर दोनदा पडलेली.

आणि ती गंगव्वा, दारावर रोट्या विकणारी,
रोज विचारते, "ऊट आयता री?"
आयता, म्हणतात.
पोटात पाव किलो मटण असूनही
खोटं बोलल्यागत वाटतंय, म्हणाले.
खरंच आहे.
पाट्यांवरून भांडणाऱ्या दोन्ही भाषांचं
एवढ्या बाबतीत एकमत:
भाकरी मोडली नाही, तर जेवण झालं नाही.

आजची नळी स्वच्छ.
करडईच्या तेलासारखं पिवळं, आरपार;
पलीकडं भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येईल.
"बघा, पास की हो!"

मशीननं कागद सोडला.
उपाशीपोटी साखर एकशे बारा.
ट्रायग्लिसराइड शहाण्या पोरासारखे रांगेत.
आणि खाली एलडीएल एकशे चौऱ्याण्णव,
ठळक अक्षरात,
जे नळीत मला दिसलंच नव्हतं.

"हे काय आणि?"
डॉक्टरांना दाखवा, म्हटलं.
"म्हणजे एक दार लावलं
तर दुसरं उघडलं म्हणा."
मी काही म्हटलं नाही.
माझं काम सुईपुरतं.

कापूस दंडावर दाबून धरत
त्यांनी दुसऱ्या हातानं पिशवीतून द्रोण काढला.
रात्रीचा घाणा, अजून कोमट.
"तुम्ही बघा. खरं सांगा."

सात वाजले होते, दात घासून मी फक्त चहा घेतला होता.
एक घास घेतला.
आणि मी गिळेपर्यंत
ते माझ्या तोंडाकडं
बघत राहिले.