पालमपूरला काय घालतात

मार्च संपत आलाय. कोपरखैरण्यात, फुल स्पीडच्या पंख्याखाली
दिवाणावर बॅग आ वासून,
तिच्यासमोर मी, बनियनवर,
हातात लोकरीची टोपी.
घाम लागू नये म्हणून लांब धरलेली,
एखादं पिल्लू धरावं तशी.

पुनी परवा म्हणाली, पप्पा, गारा पडल्या.
काल म्हणाली, ऊन आहे, चादरी वाळत घातल्यात.
आज सकाळी म्हणाली, काही सांगता येत नाही.
तिच्यामागे कुकरची शिट्टी झाली.
एकटीसाठी कुकर लावते म्हणजे बरी असणार,
असं मी हिला सांगितलं.
ही टॉवेलची घडी घालत राहिली.

आमच्या घरात थंडीचं काहीच नाही.
एक स्वेटर होता, कोरेगावच्या बाजारातला,
त्यात गेल्या वर्षी मांजर व्यायली.
म्हणून जिन्यानं वर-खाली फिरलो.
तळमजल्याच्या सुभेदार फडतऱ्यांनी जाकीट दिलं,
"शून्याखाली चालतं," एवढंच बोलले.
नायरबाईंनी मोजे दिले, लेबलसकट.
घोषबाबूंनी माकडटोपी दिली,
मग जिन्यात गाठून परत घेतली, झटकली, पुन्हा दिली.

जाकिटाच्या खिशात लिमलेटची गोळी, कागदाला चिकटलेली,
आणि पठाणकोटच्या हॉटेलचं बिल, चहा दोन.
दुसरा चहा कुणाचा, विचारावंसं वाटलं.
बिल होतं तिथंच ठेवलं. गोळीसुद्धा.

एकतीस वर्षं कांदा-बटाटा मार्केटात वजनं लिहिली.
गोण दारातून आत येताना किलो सांगायचो,
व्यापारी पैज लावायचे, हरायचे.
पण ही बॅग बघून मला काही कळेना.
गारांसाठी किती, उन्हासाठी किती?
दोन्ही एकाच दुपारी आले तर
आधी काय काढायचं अंगातून?

फेब्रुवारीत पुनीनं अर्ध्या तासात बॅग भरली होती.
रजा संपली म्हणाली.
रजा संपली नव्हती, कॅलेंडरवर तिनंच गोल केले होते,
त्यातला शेवटचा गोल लग्नाचा.
हॉलवाल्यानं अर्धा अ‍ॅडव्हान्स परत केला,
आचाऱ्यानं पूर्ण. आचारी आमच्याकडचा.
कारण विचारायचं नाही असं आमचं ठरलंय.
कुणी ठरवलं, आठवत नाही.

हिनं माझे दोन हाफ शर्ट ठेवले, एक फुल,
बाम, मेतकुटाची बरणी,
आणि मग कपाटातून तो पिवळा ड्रेस,
हळदीसाठी शिवलेला, सुती, बिनबाह्यांचा.
"उन्हाचा बरा पडेल," म्हणाली.
ठेवला.
मी मोजे गुंडाळेपर्यंत काढला.
गॅस बंद करून आली, पुन्हा ठेवला,
वर जाकीट टाकलं, जाकिटावर हात दाबून उभी राहिली,
जशी काही चेन लावायला मदत करतेय.

मी म्हटलं, तूच चल की.
म्हणाली, मी आले तर मी विचारीन.

मार्केटातला ताणकाटा अजून घरात आहे.
बॅग लटकवली. साडेअकरा भरली.
"तुमच्या कमरेला नऊच्या वर नको."
काय काढायचं, यावर आम्ही बराच वेळ भांडलो.
कुणीच पिवळ्याचं नाव घेतलं नाही.
मेतकूट निघालं, परत गेलं.
शेवटी माझा फुल शर्ट बाहेर आला, मी अंगातच घालीन म्हणालो,
हिला हसू आलं, अडतीस डिग्रीत!

रात्री पावणेदहाला मेसेज:
छत्री आणा. माझी वाऱ्यानं उलटी झाली.

हिनं तो मला दोनदा वाचायला लावला.
दीड महिन्यात पोरीनं पहिल्यांदा काही मागितलं होतं.
माळ्यावरून मी माझी काढली, लांब दांड्याची, काळी,
एक काडी सुतळीनं बांधलेली.
तिरकी घातली, आडवी घातली,
कपडे काढून सगळ्यात खाली घातली.
चेन लागेना.

आता बॅग दाराशी आहे,
दांड्याचा आकडा बाहेर.
ही झोपलीय असं दाखवतेय.
मी काट्याचा हूक पुसतोय.
पुन्हा वजन केलं नाही.