पाणी फाटलं का

नागरी फाट्यावर, जिनिंगच्या मागं,
टिनाच्या शेडात आमच्या सात टाक्या.
सोडा, पाणी, तेजाब, पाणी,
निकेल, पाणी,
सातवी फुटकी. तिच्यात चपला.

माल येतो फवारणीच्या नळ्यांचा, कड्या-कोयंड्यांचा,
पोळ्याच्या तोंडावर बैलांच्या शेंब्या,
लग्नसराईआधी बँडवाल्यांची पितळं.

तपासायला तुळसा दडमल. शाळा चौथीपर्यंत.
चकाकीकडं ती बघतच नाही.
"चमकते तं कोनबी," म्हणते,
"धरते का, ते पाय."

धुतलेला तुकडा टाकीतून वर उचलते
आणि थांबते.
ओठ न हलवता तीस मोजते.
पाणी साऱ्या अंगाला एकसंध लागून राहिलं,
ओल्या लुगड्यासारखं,
तर पुढच्या टाकीत.
कुठं थेंब गोळा झाले,
मधूनच एखादं कोरडं बेट उघडं पडलं,
तर मागं.
"पाणी फाटलं," एवढंच.
मग पुन्हा चुना, पुन्हा कुंचा, पुन्हा सोडा,
आणि माझी पाठ.

मुलामा चढल्यावरही तिचं समाधान नसतं.
नमुन्याचा पत्रा शिकंज्यात धरून
इकडं वाकवते, तिकडं वाकवते, मोडेपर्यंत,
आणि तुटल्या कडेत नख घालते.
पापुद्रा उठतो का?
"मोडलं तं मोडू दे. सुटलं नाई पायजे."
मी तेव्हा एकोणीसचा होतो.
मला वाटायचं, बाई लोखंडाशी भांडते.

चैत्रात उद्धव नगराळे आला,
भद्रावतीच्या बँडचा मास्तर,
टॉवेलात गुंडाळलेला कॉर्नेट घेऊन.
भर दुपारच्या वरातीत, माजरीच्या रस्त्यावर,
ऊन असं की डांबर चपलेला धरत होतं,
तेव्हा निकेलला फोड आला.
नवरदेव घोड्यावर, पोरं नाचताहेत,
आणि याच्या बोटाखाली चांदी पोपडा होऊन सुटतेय.
"लोकायले वाटलं मी कथलाचा वाजवतो," म्हणाला.
पैसे मागितले नाहीत. बाकड्यावर बसून पाणी प्याला.

तुळसाबाईनं कॉर्नेट दारातल्या उजेडात नेला.
चिमट्यानं पापुद्रा उचलला, कांद्याच्या सालीएवढा,
उलटा करून तळहातावर ठेवला.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग मला हाक मारली. "तुया आंगठा दाखव."

खाली पितळेवर, जिथं निकेल धरलंच नव्हतं,
तिथं होता तो,
वळणावळणांचा, मधे जुनी विळ्याची खूण असलेला,
माझा.

आठवलं.
त्या दिवशी डब्यात जवसाच्या तेलात कालवलेली चटणी होती.
हात धुतले होते. म्हणजे लुगदीला पुसले होते.
तेजाबातून निघाल्यावर कॉर्नेट फिरकला,
पडू नये म्हणून मी धरला.
एक क्षण. मऊसूत. जपूनच धरला होता.
पाणी तिथं फाटलंच असणार,
पण त्या दिवशी तुळसाबाई नातीला घेऊन दवाखान्यात होती,
आणि मी तीस न मोजता
पंधरावर टाकला.

मला वाटलं, आता शिव्या.
नगराळेनं आंगठ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.
"चार लग्नं याच आंगठ्यावर वाजवली बे," म्हणाला,
आणि हसला नाही.

सगळं निकेल उतरवलं. पितळ उघडं केलं,
अंगणात बसवलेल्या तान्ह्या पोरासारखं.
सोडा. पाणी. तेजाब. पाणी.
या वेळी तारेवर टांगला, हात लावला नाही.
वर उचलला.
तुळसाबाई पुदिन्याची जुडी निवडत बसली होती,
मान वर केली नाही.
"पाणी फाटलं का?"

एकवीस, बावीस.
कॉर्नेटच्या तोंडाशी पाणी थरथरलं.
शेडामागून जिनिंगचा भोंगा झाला.
सत्तावीस.
मी श्वास धरून उभा.